शिवी द्यायचा दिवस

आमच्या जळगावच्या कॉलनीत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली हे कळतं ते आंब्यांच्या पेट्यांवरून. एरवी काही खूण नाही. झोका बांधायला कडुलिंब नाही, आणि असता तरी सोसायटीच्या सभेत त्यावर दोन महिने चर्चा झाली असती. माहेरवाशिणी येतात, पण मोटारीने येतात आणि संध्याकाळी परत जातात. मी खिडकीशी बसून वैशाखाचं ऊन समोरच्या भिंतीवरून खाली उतरताना बघते आणि खापरावरच्या पुरणपोळीचा वास कुठून येतो का म्हणून नाक वर करते. या वयात नाकाइतकं दुसरं काही नीट काम देत नाही.

परवा शेजारच्यांच्या सहा-सात वर्षांच्या नातीने जिन्यात हाक मारली, "ए शोभा, माझी चप्पल दे." शोभा ही त्यांच्याकडे भांडी घासणारी बाई, वय साठीच्या घरात. तिने चप्पल दिली. मुलगी गोड आहे, मला रोज 'आजी, नमस्कार' म्हणते. तिची आई बाजूलाच उभी होती, तिला काही खटकलं नाही. मला खटकलं, पण मी कोणत्या तोंडाने बोलणार? तिच्याएवढी असताना मी पन्नाशीच्या बाईला 'ए कौती' अशी हाक मारत होते, आणि घरात मला कोणी उद्धट म्हटलं नव्हतं.

कौती म्हणजे कौतिकबाई. आमच्या शेतात कापूस वेचायची, निंदणीला यायची, लग्नकार्यात पाणी भरायची. आमचं गाव गिरणेच्या काठी. आबा, म्हणजे माझे वडील, गावचे पाटील. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पहिल्या निवडणुकीत आबा आणि कौतिकबाई शाळेसमोर एकाच रांगेत उभे राहिले होते आणि त्याचं सगळ्या गावाला भारी हसू आलं होतं. मत देऊन आबा घोड्यावर बसले आणि कौतिकबाई आमच्या गोठ्यात शेण काढायला आली. रांग तेवढीच होती.

आमच्या बोलीत आईला तू, देवालाही तू. त्यामुळे कोणाचा मान किती, हे त्यावरून कळायचं नाही. ते आवाजावरून कळायचं. आबांचा आवाज ओट्यावरून निघाला की गल्लीच्या टोकाला पोचायचा. 'आळशी', 'फुकटखाऊ', 'तुना हात मोडी गया का' असलं काहीबाही ते दिवसभर बोलत. त्याला कोणी शिवी म्हणत नसे. पाटील बोलले, एवढंच. कौतिकबाई म्हणायची, "हा आबा, करस." एवढी उंच, हाडापेराने मोठी बाई, पण आमच्या अंगणात तिचा आवाज भांड्यांच्या आवाजाखाली जायचा. मला कितीतरी दिवस वाटायचं की तिला घशाचं काही दुखणं असावं.

आणि मग आखाजी यायची.

वैशाखात शेतं उघडी पडलेली असतात. कापूस केव्हाच गाड्यांतून जिनिंगकडे गेलेला, पऱ्हाट्या उपटून दारोदारी रचलेल्या, माणसाला करायला काम नाही आणि सावलीला झाड सोडून जागा नाही. अशा रिकाम्या दिवसांत लेकी माहेरी येतात. आमच्या दारच्या कडुलिंबाला मोठा झोका बांधलेला असायचा. माझी मोठी बहीण, आमची अक्का, त्यावर उभी राहून असा झोका चढवायची की खाली उभ्या मला तिच्या पायांचे तळवे दिसायचे, मेंदीने लाल. वरून ती काही बोलत नसे. अक्का कमीच बोलायची. आबांना तिचा त्याच गोष्टीचा अभिमान होता. पाहुण्यांना सांगायचे, मनी पोरना तोंडातून वावगा शब्द ऐकाले भेटाव नई. माझ्याबद्दल ते काही सांगत नसत.

सणाच्या दुपारी बार असायचा. खानदेशाबाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही. नदीच्या आल्याड आमच्या गावच्या बायका उभ्या राहायच्या, पल्याड त्या गावच्या. मधे वैशाखातली गिरणा, म्हणजे सगळी वाळू, टरबुजांच्या वाड्या आणि घोट्याएवढं पाणी. पुरुषांनी त्या दिवशी नदीकडे फिरकायचं नाही. आणि मग ऊन कलेपर्यंत दोन्ही काठांवरून एकमेकींना शिव्या. पलीकडच्या पाटलापासून त्याच्या बैलापर्यंत कोणालाही द्यावी, फक्त यमक जुळलं पाहिजे. शिवी आली की उत्तर गेलंच पाहिजे, नाही गेलं तर गाव हरलं. ऊन उतरलं की दोन्हीकडच्या बायका त्याच पाण्यात तोंड धुवायच्या, एकमेकींच्या पोराबाळांची चौकशी करायच्या आणि टरबूज फोडून खायच्या. आखाजीची शिवी रेतीत जिरते, असं म्हणत. दुसऱ्या दिवशी तिचं नाव काढायचं नाही.

आमच्या काठाचा बार कौतिकबाईचा. वर्षभर जी खाली मान घालून 'हा आबा' म्हणायची, ती त्या दिवशी पदर कमरेला खोचून सगळ्यांच्या पुढे उभी राहायची. आवाज असा की पल्याडच्या चिंचेवरचे पोपट उडायचे. माझी आई, आम्ही तिला माय म्हणायचो, आदल्या दिवशी आठवणीने तिला गूळ द्यायची, घसा चांगला राहावा म्हणून. पाटलीण मजुरणीला गूळ देते, ते वर्षात एकदाच. मी तिच्या मागे उभी राहून तिच्या सगळ्या शिव्या पाठ करायचे. शाळेतल्या कविता मला तेवढ्या कधी पाठ झाल्या नाहीत.

मी बारा वर्षांची होते त्या आखाजीला अक्काची सोयरीक ठरत आली होती. पल्याडच्या गावचे पाटील तात्यासाहेब, त्यांचा धाकटा मुलगा. साखरपुडा सणानंतर करायचा होता. तात्यासाहेबांसारखा गोड माणूस मी पाहिला नव्हता. जळगावच्या कचेऱ्यांत जाऊन-येऊन त्यांची भाषा शहरी झाली होती. लहान मुलीलाही 'बाळ, बसा' म्हणायचे. आवाज तर कधी चढायचाच नाही. आज मला कळतं की त्यांना तो चढवायची गरजच नव्हती. त्यांच्या घरात ते नुसते खाकरले तरी माणसं उठून उभी राहत. त्यांची मोठी सून दोन वर्षांपूर्वी वारली होती, एकोणीस वर्षांची. हिवताप झाला असं सांगत.

त्या दुपारी बार चांगला रंगला होता. पलीकडून कोणीतरी आबांच्या मिशीवर शिवी टाकली, आम्ही पोट धरून हसलो, मायसुद्धा हसली. कौतिकबाईने पदर पुन्हा घट्ट खोचला. मग दोन पावलं पाण्यात गेली आणि म्हणाली,

"पल्याडना पाटीलना मानपान मोठा,
कोठीमा दाना अन् सूनना पोटमा गोटा."

आमच्याकडच्या बायका ओरडल्या, वा. पलीकडून उत्तर यायला उशीर झाला. तेवढ्यात तिने दुसरी दिली, आणि ही देताना ती पलीकडे बघत नव्हती. ती वळून मायकडे बघत होती.

"एक सून मातीमा घाली, दुसरीले मांगणं धाडं,
त्या घरमा पोर देशात तं हाती येतीन हाडं."

हसू अर्ध्यात थांबलं. पल्याडच्या चिंचेखाली तात्यासाहेबांच्या घरच्या बायका बघायला बसल्या होत्या, त्या उठून निघून गेल्या. अक्का माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा हात धरला, तो तिला दुखेल इतका घट्ट मी परत धरला, कारण काय झालं ते मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यासाहेब स्वतः आले. ओट्यावर बसले, बशीतून चहा घेतला. "आमची काही तक्रार नाही, पाटील," ते म्हणाले. "बारातली शिवी बारात राहते, आम्हाला रीत माहीत आहे. घरातल्या बायकांना जरा लागलं, इतकंच. तुमचा मान तो आमचा मान." एवढ्यावर ते थांबले आणि अंगणातल्या झोक्याकडे बघत बसले.

आबांनी कौतिकबाईला बोलावलं. "काल काय बोलनी तू?"

"आखाजीनी शिवी शे ती, आबा. रेतीमा जिरी गयी."

"रेतीमा नई जिरनी. मना घरलगून उनी. पाय धर तात्यासाहेबना."

तिने पाय धरले. तात्यासाहेब पटकन पाय मागे घेत म्हणाले, "असू द्या, असू द्या, बाई." ते इतक्या मायेने म्हणाले की आजूबाजूच्या माणसांना गहिवरून आलं. मलाही आलं. मला त्या क्षणी कौतिकबाईचा राग आला होता, एवढ्या चांगल्या माणसाला असं बोलावं म्हणून.

शिवी कोणी दिली, कोणापुढे दिली, कोणाला लागली, याची चौकशी अशी नीट झाली. ती खरी आहे का, हे ओट्यावर कोणी विचारलं नाही. मायने विचारलं, पण मागच्या दारी, पाणी काढायच्या निमित्ताने. मी रहाटाजवळ होते.

"कौती, खरं सांग. तुले काय ठाऊक शे?"

"मी तठे कापूस येचाले जाऊ ना, माय. ती मोठी सून बांधवर ये. माले भाकर मांगे." कौतिकबाईचा आवाज पुन्हा नेहमीसारखा खाली गेला होता. "पाटीलनी सून, अन् मना फडकामाईन शिया तुकडा ले."

"मंग घरमा येईसन काबर नई सांगं?"

"सांगती तं कोन आयकतं? तुमना ओटावर मना आवाज निंघस का कधी?"

मायने रात्रीची वाट पाहिली नाही, जेवताना आबांना सांगितलं. आबांनी घास खाली ठेवला. "मजूरनी जीभले हाड ऱ्हास का? तिना बोलवर सोयरीक मोडू का मी?" आणि मग जरा शांतपणे म्हणाले, की ज्या माणसाच्या तोंडून कधी उणा शब्द येत नाही, त्याच्या घरी पोर उपाशी राहील कशी. मायने पुढे काही विचारलं नाही. आमच्या घरात आबांना दुसऱ्यांदा विचारायची पद्धत नव्हती. मी त्या माणसाला दुष्ट म्हणणार नाही. त्याचं अक्कावर फार प्रेम होतं. पण तो सगळं आयुष्य बोलत आला होता, ऐकायची त्याला सवय नव्हती.

कौतिकबाईला मग दोन्ही गावांत कोणी कामाला बोलावलं नाही. पाऊस पडायच्या आत ती रावेरकडे केळीच्या बागांवर निघून गेली, असं ऐकलं. जाताना ती आमच्या दारावरून गेली असणार, कारण दुसरी वाट नव्हती. कोणी तिला पाहिलं नाही, किंवा पाहिलं असं म्हटलं नाही.

लग्न ज्येष्ठात झालं. नदी ओलांडायला दहा पावलं पाणी, पण अक्का गेली ती जणू मुंबईला गेली. दिवाळीला दोन दिवस आली. तिचं बोलणं आणखी कमी झालं होतं. जेवताना तिने ताटातला वरणाचा शेवटचा थेंब बोटाने पुसून खाल्ला. हीच अक्का लहानपणी अर्धी भाकर माझ्या ताटात सरकवायची. मी हसले, म्हटलं, अक्का, ताट बी खाशी का. माय हसली नाही. तिने उठून अक्काला आणखी भात वाढला आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तेव्हा माय बोलली असती तर? हा प्रश्न मी मायला ती असेपर्यंत विचारला नाही. आणि मला तरी बोलायला कोणी अडवलं होतं?

पुढच्या आखाजीला तात्यासाहेबांनी अक्काला पाठवलं नाही. फार सुंदर अक्षरात चिठ्ठी आली, की सूनबाईंना सातवा महिना आहे, उन्हात प्रवास नको, आपण समजून घ्याल. आबांनी ती चिठ्ठी दोन जणांना वाचून दाखवली. असे व्याही भाग्याने मिळतात, असं ते म्हणाले.

बार मात्र होताच. त्या वर्षी आमच्या काठाला पुढे उभं राहायला कोणी नव्हतं. पलीकडून शिव्या येत होत्या, आमच्याकडून तुटकी उत्तरं जात होती, बायका चिडल्या होत्या. पल्याडच्या चिंचेखाली तात्यासाहेबांच्या घरच्या बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यात अक्का. मला ती लांबून ओळखू आली नाही. पोट मोठं आणि हात बारीक. मायने डोळ्यांवर आडवा हात धरला आणि तशीच बघत राहिली.

मग अक्का उठली. तिची सासू काहीतरी म्हणाली, पण ती उतरून वाळूत आली, सगळ्यांच्या पुढे. पाटलाची लेक, जिच्या तोंडून वावगा शब्द नाही, ती शिवी देणार होती. आणि तीही माहेराला. सासरच्या काठावर उभी राहिली म्हणजे माहेराला द्यायला हरकत नव्हती, रीतच होती तशी.

"आल्याडना पाटील बहिरा शे," ती ओरडली. आवाज फुटला होता. "त्यानं बठ्ठं घर बहिरं शे. आंडेर आरोया मारस, कोनी आयकस नई."

आंडेर म्हणजे लेक. यमक जुळलं नव्हतं. आमच्याकडच्या बायका खदखदून हसल्या ते त्यालाच. पाटलाच्या लेकीला शिवीसुद्धा नीट येत नाही, म्हणाल्या. पलीकडच्याही हसल्या. पण शिवी आली होती, उत्तर जायला हवं होतं, आणि कौतिकबाई नव्हती. मला तिच्या सगळ्या शिव्या पाठ होत्या. मी तेरा वर्षांची होते आणि मला सगळ्या गावापुढे एकदा तिच्यासारखं उभं राहायचं होतं. मी पाण्यात धावले. तिच्याच चालीवर, तिच्याच ठेक्यात, मी पहिल्यांदा स्वतःची शिवी जुळवली,

"दूधभाकर खाई खाई पल्याडनी सून माजनी,
माहेरले शिव्या देतांना जराबी नई लाजनी."

आमचा काठ नुसता उसळला. बायकांनी मला उचललं. कोणी माझ्या गालावरून बोटं मोडली. त्या गर्दीतून मी पलीकडे पाहिलं, अक्कालाही आपल्या बहिणीचं कौतुक वाटलं असेल म्हणून. ती तशीच उभी होती, माझ्याकडे बघत. मग तिने पदर तोंडावर घेतला आणि चिंचेकडे परत गेली. ऊन उतरल्यावर बायका पाण्यात तोंड धुवायला आल्या, त्यात ती नव्हती. तिला लवकर घरी नेलं होतं.

आषाढात ती बाळंतपणात गेली. मूलही गेलं. नदीला पूर होता, निरोप यायला दोन दिवस लागले. सुईण मायला पुढे म्हणाली, पोरीच्या अंगात रक्तच नव्हतं हो. मी अक्काशी बोललेला शेवटचा शब्द कोणता, तो वर लिहिला आहे. मी पुढे शिकले, धुळ्याच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवली. असभ्य बोलू नये म्हणून कितीतरी मुलींना बाकावर उभं केलं. आज त्यांच्यातल्या एखादीला भेटून विचारावंसं वाटतं, की तू तेव्हा ओरडत होतीस, ते तुला काय सांगायचं होतं?

पूर ओसरल्यावर तात्यासाहेब भेटायला आले. त्याच ओट्यावर बसले. त्यांनी डोळे पुसले, देवाच्या मनात असेल ते होतं, असं म्हणाले, आणि सूनबाई म्हणजे घरची लक्ष्मी होती, असंही म्हणाले. सगळे शब्द जागच्या जागी. आबा हात जोडून समोर बसले होते. माय दाराआड होती, तिच्या बांगड्यांचासुद्धा आवाज आला नाही. मला तोपर्यंत सगळं कळलं होतं. बांधावरची भाकर, बोटाने पुसलेलं ताट, नदीतली ती आरोळी. माझ्या तोंडात कौतिकबाईच्या आठ-दहा आखाजींच्या शिव्या भरलेल्या होत्या, एकाहून एक जहाल, यमकासकट. त्या ओट्यावर त्यांतली एक जरी पडली असती तरी निदान अक्काच्या बाजूने कोणीतरी बोललं असं झालं असतं.

आबांनी मला खूण केली. मी आतून तांब्या-भांडं आणलं, पदर नीट घेतला, वाकून भांडं पुढे केलं. "पाणी घ्या, तात्यासाहेब."

ते प्याले. भांडं खाली ठेवत आबांना म्हणाले, "मुलीला वळण चांगलं आहे हो, पाटील."

मी तांब्या हातात धरून उभी होते. मी विचारलं, "अजून देऊ?"